फटफटी का अडखळते?

आता खेड्यापाड्यांत फटफटी आली आहे. डेअरीवर दूध घालायचे आहे, काढा फटफटी. बाजाराला भाजी न्यायची आहे, काढा फटफटी. रात्री-अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे, तरी तीच. पूर्वी बैल आजारी पडला की घरादाराला घोर लागायचा. आज गाडी बिघडली की तसेच होते.

गाडी साफ बंद पडली तर निदान कळते तरी. पण पुष्कळदा ती धड चालत नाही आणि धड बंदही पडत नाही. उभी असताना थरथरते. आवाज वरखाली होतो आणि मधेच विझते. निघताना मूठ पिळली की क्षणभर गप्प बसते, गचका देते आणि मग एकदम धावते. मेकॅनिक म्हणतो, “गाडी मिसिंग करते, पिकअप घेत नाही.”

हे दुखणे लहान वाटते, पण लहान नाही. गावचा रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो, ती जागा डोळ्यांपुढे आणा. गाडीला दुधाच्या दोन किटल्या आहेत. लांबून ट्रक येतो आहे. आपण अंतराचा अंदाज घेतो आणि मूठ पिळतो. नेमकी त्याच वेळी गाडी अडखळते. तो एक क्षण जिवावर बेतू शकतो. म्हणून अडखळणारी गाडी तशीच रेटत राहू नये.

दुसरी गोष्ट पैशाची. कारण न शोधता आज प्लग बदलला, उद्या कॉइल बदलली, परवा कार्बोरेटर नवा घातला. पैसे गेले, दुखणे राहिले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होते ते हे.

या धड्यात आम्ही कारण शोधायची रीत सांगणार आहोत. ती अगदी सोपी आहे. आधी फुकटचे पाहावे, मग खर्चाचे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

इंजिनाला काय लागते?

चूल पेटायला काय लागते? सरपण, हवा आणि काडी. इंजिनाचेही तसेच आहे. त्याला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. पेट्रोल टाकीतून येते. हवा फिल्टरमधून गाळून येते. ठिणगी प्लग देतो. शिवाय चौथी गोष्ट लागते, ती म्हणजे दाब. पेट्रोल मिसळलेली हवा इंजिनात दाबली जाते आणि मग पेटते. तेव्हाच जोर मिळतो.

पेट्रोल व हवा यांचे मिश्रण करायचे काम जुन्या गाड्यांत कार्बोरेटर करतो. हे मिश्रण मापाचे असावे लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १५ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचे तर एक लिटर पेट्रोलला सुमारे ९ हजार लिटर हवा! हवा जास्त झाली तर जाळ अशक्त होतो. पेट्रोल जास्त झाले तर काळा धूर होतो.

आता गाडी उभी आहे आणि इंजिन चालू आहे, अशी कल्पना करा. याला आपण ‘स्लो’वर चालणे म्हणतो. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांचे इंजिन स्लोवर मिनिटाला सुमारे १४०० फेरे घेते. दर दोन फेऱ्यांना एकदा जाळ होतो. म्हणजे मिनिटाला ७०० वेळा. यांतले थोडे जरी चुकले तरी गाडी थरथरते.

स्लोवर असताना पेट्रोल एका अगदी बारीक छिद्रातून येते. त्याला स्लो जेट म्हणतात. ते छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. आपण मूठ पिळायला सुरुवात करतो, तेव्हाही पहिले पेट्रोल याच वाटेने येते. मोठ्या जेटचे काम नंतर सुरू होते. म्हणून उभ्या गाडीचे थरथरणे आणि निघताना अडखळणे ही दोन दुखणी पुष्कळदा एकाच जागी असतात. गाडी वेगात छान पळते, पण स्लोला टिकत नाही, असे दिसले तर संशय आधी या बारीक वाटेवर घ्यावा.

आधी स्वतःला विचारा

वैद्य नाडी पाहण्याआधी विचारतो, “कधीपासून दुखते?” आपणही तसेच विचारावे.

गाडी फक्त सकाळी थंड असताना अडखळते का? थंड इंजिन पहिली दोन-चार मिनिटे कुरकुर करते. त्यात नवल नाही. पण गरम झाल्यावरही तसेच राहिले तर शोध घ्यावा.

पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर हे सुरू झाले का? मग प्लगच्या टोपणात पाणी गेले असेल, नाहीतर पेट्रोलमध्ये गेले असेल.

गाडी महिना-दोन महिने उभी होती का? मग कार्बोरेटरात पेट्रोल सुकून चिकट राळ धरली असेल.

नव्या ठिकाणी पेट्रोल भरले का? रस्त्याकडेचे बाटलीतले पेट्रोल घेतले का? त्यात रॉकेलची भेसळ असू शकते.

कोणी नुकतेच काही काम केले का? तर आधी त्याच जागी पाहावे. एखादी नळी लावायची राहून गेली असेल.

ही उत्तरे वहीत लिहून ठेवा. मेकॅनिककडे गेलात तर ती वाचून दाखवा. त्याचा अर्धा वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही वाचतील.

काम करताना जपा

गाडी उघड्यावर लावा. बंद खोलीत किंवा गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गुंगून पडतो आणि मरतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीवरून सरकत जाते. लांबच्या चुलीपर्यंतही पोचते. म्हणून जवळ विडी, कंदील, चूल नको. नळीने पेट्रोल तोंडाने ओढू नका. प्लगची तार गाडी चालू असताना हाताळू नका. तिच्यात हजारो व्होल्टची वीज असते.

फुकटची तपासणी

प्रथम चोक पाहा. सकाळी ओढलेला चोक तसाच राहिला आहे का? चोक लागलेला असला की पेट्रोल जास्त जाते, गाडी घुसमटते.

मग पेट्रोलचा कॉक पाहा. तो पूर्ण उघडा आहे का? टाकीत पेट्रोल पुरेसे आहे का?

टाकीच्या झाकणाला हवा घेणारे एक बारीक छिद्र असते. पेट्रोल खाली उतरते तशी हवा वरून आत यावी लागते. छिद्र बुजले तर पेट्रोल उतरत नाही. गाडी थोडे अंतर नीट जाते आणि मग अडखळू लागते. अशा वेळी झाकण उघडून पाहा. ‘फुस्’ असा आवाज झाला आणि नंतर गाडी नीट चालू लागली, तर दोष झाकणाचाच. पावसाचे पाणी जाऊ नये म्हणून काही जण झाकणावर प्लास्टिक घट्ट बांधतात. त्यानेही असेच होते.

आता गाडी स्लोवर चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे वळवा. नुसते हँडल वळवल्याने आवाज वाढला, तर रेसची केबल ताणली जात आहे. मुठीला किंचित ढिलेपणा हवा.

चेन आणि ब्रेकही पाहा. चेन ढिली असली की निघताना गचका बसतो आणि आपल्याला वाटते इंजिनच अडखळले. गाडी मधल्या स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचे चाक हाताने फिरवा. चाक जड फिरले तर ब्रेक घासतो आहे. इंजिनाचा त्यात काही दोष नाही.

हवेची वाट

आपल्याकडे धुरळा फार. मळणीचा धुरळा, उसाच्या ट्रॅक्टरचा धुरळा, कच्च्या रस्त्याचा धुरळा. तो सगळा एअर फिल्टरमध्ये अडतो. फिल्टर भरला की हवा कमी मिळते. गाडी जड होते, काळा धूर येतो, पेट्रोल जास्त जाते.

फिल्टर काढून उजेडात धरा. स्पंजाचा फिल्टर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे धुता येतो. कोरड्या कागदाचा असेल तर हलके आपटून धूळ झाडता येते. पण काही कागदी फिल्टर तेलाने ओलसर केलेले असतात. ते धुवायचे नाहीत, झाडायचे नाहीत, वेळ झाली की बदलायचे. आपला कोणता, ते पुस्तिकेत पाहावे. गाडी बरेच दिवस उभी असेल तर हवेच्या नळीत उंदराने चिंध्या भरल्या आहेत का, कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे का, तेही पाहावे.

फिल्टर काढून ठेवून गाडी पळवू नका. “पिकअप चांगला येतो,” असे कोणी सांगेल. ऐकू नका. गाळणीशिवाय गेलेली धूळ इंजिन आतून घासून काढते.

ठिणगी

प्लग हा इंजिनाचा आरसा आहे. इंजिन थंड होऊ द्या. प्लगभोवतीची धूळ फुंकून काढा, नाहीतर ती आत पडेल. मग प्लगपान्याने प्लग काढा आणि त्याचे टोक पाहा.

टोक विटकरी किंवा बिस्किटाच्या रंगाचे असेल तर बरे आहे.

कोरडे काळे, काजळीसारखे असेल तर पेट्रोल जास्त जाते किंवा हवा कमी पडते.

काळे आणि तेलकट असेल तर इंजिनातले तेल आत येते. हे काम मेकॅनिकचे.

पांढरे फटक असेल तर पेट्रोल कमी पडते किंवा कोठून तरी जादा हवा शिरते. अशी गाडी फार तापते.

प्लगच्या दोन टोकांत एक फट असते. बऱ्याच गाड्यांत ती ०.६ ते ०.९ मिलिमीटर असते. नेमका आकडा पुस्तिकेत दिलेला असतो. फट वाढली की ठिणगी कधी पडते, कधी चुकते. प्लग जुना असेल तर नवा घाला. हा खर्च मोठा नाही, मात्र पुस्तिकेत जो नंबर आहे तोच घ्या. बसवताना आधी हातानेच आटे धरवा. पाना शेवटी लावा. वाकडा बसलेला प्लग जोराने आवळला तर आटे जातात आणि मोठा खर्च निघतो.

प्लगचे टोपण घट्ट बसले आहे का, तार फाटली आहे का, तेही पाहा. अंधारात गाडी चालू करून लांबून पाहिले तर फाटलेल्या तारेवर निळी ठिणगी दिसते.

पेट्रोल आणि चोकची परीक्षा

आता एक युक्ती सांगतो. इंजिन चांगले गरम झाले आहे, तरी गाडी थरथरते आहे. अशा वेळी चोक किंचित ओढा. काय होते?

गाडी सुधारली, तर तिला पेट्रोल कमी पडत होते. स्लो जेट बुजला असेल किंवा कोठून तरी जादा हवा शिरत असेल. गाडी आणखी बिघडली, घुसमटली, तर निदान पेट्रोलची कमतरता नाही. मग फिल्टर, चोक आणि प्लग यांच्याकडे परत जावे. एवढ्या एका परीक्षेने शोधाची दिशा कळते.

पेट्रोलात पाणी आहे का, तेही पाहता येते. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी असते. तिला रिकामे करायचा पेच असतो. इंजिन थंड असताना त्यातले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. थोडा वेळ थांबा. पाणी जड असते, ते तळाशी वेगळे बसते. तळाला थेंब दिसले तर टाकी व वाटी साफ करून घ्यावी.

आजच्या पेट्रोलबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. २०२५ सालापासून आपल्या देशात बहुतेक पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल म्हणजे उसापासून व धान्यापासून केलेले अल्कोहोल. ते पाणी ओढून घेते. पाणी फार झाले तर इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात. म्हणून पावसाळ्यात गाडी अर्ध्या टाकीवर महिनोन्महिने उभी ठेवू नये. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मऊ पडल्या आहेत का, चिरल्या आहेत का, तेही अधूनमधून पाहावे.

जेट बुजला असेल तर कार्बोरेटर खोलून साफ करावा लागतो. हाताला सवय नसेल तर मेकॅनिककडून करून घ्यावे. मात्र समोर उभे राहून एक गोष्ट पाहावी. जेटमध्ये तार किंवा सुई घालू देऊ नये. छिद्र थोडे जरी मोठे झाले तरी माप कायमचे बिघडते. जेट साफ करायच्या द्रवाने धुवावा आणि हवेच्या दाबाने फुंकावा.

जादा हवा शिरायची जागा म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांमधला जोड. तिथले रबर चिरले किंवा बोल्ट ढिले झाले की हवा चोरवाटेने आत जाते. मूठ सोडली तरी आवाज लवकर खाली येत नाही, ही तिची खूण. जोडावर साबणाचे थोडे पाणी कापसाने लावा. त्याच वेळी आवाज बदलला तर चोरवाट सापडली. या परीक्षेसाठी पेट्रोल मात्र कधीही शिंपडू नका. भडका उडेल.

पेच सर्वांत शेवटी

आपण चूक करतो ती इथेच. गाडी स्लोला विझू लागली की लगेच स्लोचा पेच आवळतो. आवाज वाढतो, गाडी विझत नाही, आपण खूष होतो. पण दुखणे आतच राहते. ताप आला म्हणून पांघरूण घेतल्याने ताप जात नाही. इकडे पेट्रोल मात्र जास्त जळत राहते.

पेचाला हात सर्वांत शेवटी लावावा. फिल्टर साफ, प्लग चांगला, जोड घट्ट, हे सगळे झाल्यावर. इंजिन आधी दहा मिनिटे चालवून गरम करावे. मिश्रणाचा पेच पाव फेरा फिरवावा, थांबावे, ऐकावे. मूळ जागेपासून किती फिरवला, ते वहीत लिहावे. नाहीतर परत येता येत नाही. पेच तळाला टेकला की जोर करू नये, त्याचे बारीक टोक खराब होते. आवाज सर्वांत एकसारखा कोठे होतो ती जागा धरावी. मग स्लोचा पेच पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे ठेवावा.

एवढे करूनही गाडी गरम झाल्यावर विझते का? मग व्हॉल्व्हची फट तपासून घ्यावी. मेकॅनिक याला टॅपेट म्हणतात. टॅपेट ढिले असले की टिकटिक आवाज येतो. पण फार घट्ट असले तर आवाज येत नाही, आणि तेच जास्त वाईट. व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, दाब निसटतो आणि पुढे व्हॉल्व्ह जळतो. हे काम इंजिन थंड असताना आणि मापाच्या पट्टीनेच करायचे असते. माहीतगाराकडूनच करून घ्यावे.

नव्या गाड्यांचे काय?

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला. त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटर नाही. त्यांत पेट्रोल फवारणारे यंत्र असते आणि किती फवारायचे ते एक छोटा संगणक ठरवतो. अशा गाडीत फिरवायला पेच शोधू नका.

पण रीत तीच. हवा, पेट्रोल, ठिणगी. फिल्टर पाहा, प्लग पाहा. बॅटरी अशक्त आहे का, तेही पाहा. चावी फिरवल्यावर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. तो विझला नाही तर संगणकाला दोष सापडला आहे. मग माहीतगार दुकानात न्यावे. या गाड्यांचा पंप बहुधा टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो. म्हणून टाकी कायम रिकामी होत आलेली ठेवू नये.

लक्षात ठेवा

१. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि दाब, या चारांतच दोष असतो.
२. आधी फुकटचे पाहा, मग खर्चाचे.
३. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा.
४. चोकची परीक्षा करा, दिशा कळेल.
५. पेच सर्वांत शेवटी.
६. दोष निघेपर्यंत हमरस्ता ओलांडताना दुप्पट अंतर ठेवा.

करून पाहा

१. तुमच्या गाडीची पुस्तिका उघडा. प्लगचा नंबर आणि फटीचा आकडा शोधा. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.
२. टाकीच्या झाकणातले हवेचे छिद्र कोठे आहे ते पाहा.
३. गाडी स्लोवर चालू ठेवून हँडल वळवा. आवाज बदलतो का?
४. शेजाऱ्याची गाडी अडखळत असेल तर हा धडा त्याला वाचून दाखवा.